आयझॅक मॅकॉय: अमेरिकेच्या सीमेवरच्या बाप्टिस्ट पाळकाचं घराणं कसं शोधावं?

आजीचा_कट्टा
नमस्कार मंडळी. मुलगा कॅन्सस सिटीला असतो, सून मूळची टेक्सासची. नातवासाठी दोन्ही बाजूंची वंशावळ एका वहीत लिहायची असं सुनेनं आणि मी ठरवलं आहे. आमच्या बाजूचा कुलवृत्तांत छापील आहे, त्यामुळे तिथे फार अडत नाही. अडतंय ते सुनेच्या माहेरी.

तिच्या आजोळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की आपण आयझॅक मॅकॉय या बाप्टिस्ट पाळकाच्या घरातले. कागद मात्र कोणाकडेच नाही. मी वाचून काढलेली माहिती अशी: जन्म १७८४, पेनसिल्व्हेनियात युनियनटाउनजवळ. लहानपणीच कुटुंब केंटकीत आलं. १८०३ मध्ये क्रिस्तियाना पोल्कशी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी जोडपं इंडियाना टेरिटरीत व्हिन्सेन्सला गेलं. १८१० मध्ये मारिया क्रीकच्या मंडळीनं (म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांनी) त्यांना पाळक म्हणून दीक्षा दिली. १८१७ पासून मूळ रहिवाशांमध्ये मिशनचं काम. आधी इंडियानात, मग १८२२ पासून मिशिगनमध्ये आजच्या नाइल्सजवळ केरी मिशन, आणि त्यानंतर मिसूरी-कॅन्ससच्या सीमेवर. मृत्यू १८४६, लुईव्हिल.

माणूस इतक्या राज्यांत फिरला, मग सुरुवात करायची कुठून? ऑनलाइन वंशवृक्ष पाहिले, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. इथे कोणी असलं काम केलं आहे का?

चहाबाज
हे हॅटफिल्ड-मॅकॉय भांडणवाले मॅकॉय का? तसं असेल तर आजी, नातवाला जपा :)

आजीचा_कट्टा
@चहाबाज, नाही हो. ते टग फोर्क नदीच्या काठचे, केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरचे. त्यांचं वैर पेटलं ते आयझॅक गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. आमचा नातू फक्त भाजी खाण्यावरून भांडतो.

वॉबॅशकर
छान विषय. मी इंडियानात राहतो आणि इथल्या काउंटी दप्तरांत बराच वेळ घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. १७९० पासून १८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत आकडे म्हणून येतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला लागले १८५० पासून, आणि आयझॅक त्याआधीच गेले होते. प्रमुखाशी नातं काय आणि आईवडिलांचा जन्म कुठला, हे तर १८८० मध्ये आलं. त्यात केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या हरवल्या आहेत. तिथे त्या काळासाठी करआकारणीच्या याद्या वापरतात. वर्षागणिक असल्यामुळे मला त्या जनगणनेपेक्षा जास्त कामाच्या वाटतात. कोण कधी गावात आला, कधी नाव गळलं, मुलगा सज्ञान होऊन वेगळा कधी दिसू लागला, सगळं कळतं.

दुसरी गोष्ट बाप्टिस्टांच्या बाबतीत कळीची. ते तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत. म्हणजे 'अमुक दिवशी अमक्याचा मुलगा' अशी नोंदवही तुम्हाला मिळणारच नाही. लुथरन किंवा कॅथलिक घराणं शोधणाऱ्याला जे सहज मिळतं, ते इथे नाही.

मग असतं काय? मंडळीची इतिवृत्तं. महिन्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, सभासदांची बैठक व्हायची आणि तिची नोंद ठेवायचे. कोण 'पत्रानं' आला, म्हणजे आधीच्या मंडळीचा दाखला घेऊन. कोण 'अनुभवानं' आला, म्हणजे विश्वास सांगून बाप्तिस्मा घेतला. कोणाला निरोपाचं पत्र दिलं आणि कोणाला काढून टाकलं. दारू पिऊन दंगा, घोड्याच्या व्यवहारातली फसवणूक, नाच, शेजाऱ्याशी कज्जा, सगळं तिथे. त्यातल्या 'पत्रानं' या शब्दाच्या मागे लागायचं, कारण आधीची मंडळी कोणती ते कळलं की कुटुंब कुठून आलं ते कळतं.

रानवारा
वाचनखूण साठवली. वॉबॅशकर, अजून लिहा.

गोदाकाठ_नगर
आमचं घर नगरचं, चार पिढ्या ख्रिस्ती. आमच्या मंडळीच्या वहीत बालकांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, कारण आमच्याकडे काम करणारं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं होतं. आजोबांचं, पणजोबांचं नाव मला वहीतच मिळालं. बाप्टिस्टांकडे ती सोय नाही हे वाचून वॉबॅशकरांची अडचण नेमकी समजली.

आणि एक सांगावंसं वाटतं. मॅकॉय आणि आपलं नगर-मुंबई यांच्यात धागा आहे. १८१२ मध्ये फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजानं मिशनऱ्यांची जी तुकडी कलकत्त्याला निघाली, तीत गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट आणि ल्यूथर राइस एकत्र होते. हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं वारले. राइस मात्र कलकत्त्यात बाप्टिस्ट झाले, अमेरिकेला परतले आणि गावोगाव हिंडून बाप्टिस्टांना एकत्र करायला लागले. त्यातून १८१४ मध्ये फिलाडेल्फियाला बाप्टिस्टांचं राष्ट्रीय अधिवेशन उभं राहिलं. मॅकॉयना १८१७ मध्ये नेमलं ते याच अधिवेशनाच्या मंडळानं. एका जहाजातल्या एकाचं काम मराठी मुलखात रुजलं आणि दुसऱ्याचं इंडियानातल्या वॉबॅश नदीच्या काठी.

मोडीवाचक
गोदाकाठ, सुंदर माहिती. त्यात भर: 'केरी मिशन' हे नाव बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी विल्यम केरीवरूनच आहे. आपल्यासाठी हे नाव परकं नाही. १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश केरीचा, आणि त्या कामात पंडित वैजनाथ यांचा मोठा हात. मॅकॉयनी ग्रँड नदीच्या काठी, आजच्या ग्रँड रॅपिड्सपाशी, तिथल्या मूळ रहिवासी ओटावा लोकांसाठी दुसरं ठाणं काढलं, त्याला नाव दिलं 'थॉमस'. हा जॉन थॉमस म्हणजे केरीच्या बरोबर बंगालमध्ये आलेला डॉक्टर. मिशिगनच्या जंगलात बंगालची दोन नावं!

आजी, नातवाच्या वहीत हे पान अवश्य घाला. दोन्ही घरं तिथे एकमेकांना भेटतात.

आजीचा_कट्टा
@गोदाकाठ_नगर, @मोडीवाचक, हे सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आई, म्हणजे तुमचे नी आमचे लोक दोनशे वर्षांपूर्वीच एकमेकांच्या पत्रव्यवहारात होते.' फार बरं वाटलं.

@वॉबॅशकर, मारिया क्रीकची मंडळी नक्की कुठे? आणि आयझॅकच्या वडिलांकडचं काय मिळेल?

वॉबॅशकर
मारिया क्रीक म्हणजे इंडियानाची नॉक्स काउंटी, व्हिन्सेन्सच्या उत्तरेला. १८०९ मध्ये स्थापन झाली आणि स्थापना करणाऱ्यांत पोल्क घराण्यातले लोक होते, म्हणजे आयझॅकची सासुरवाडी. मी सगळ्यांना हेच सांगत असतो की सीमेवरचा पाळक शोधायचा तर बायकोच्या माहेरापासून सुरुवात करा. ही माणसं एकेकटी फिरली नाहीत. मेव्हणे, साडू, शेजारी, एका मंडळीचे सभासद असा जथाच पुढे सरकायचा. याचं टोकाचं उदाहरण लुइस क्रेग. व्हर्जिनियात परवाना नसताना उपदेश केला म्हणून १७६८ मध्ये तुरुंगात गेलेला पाळक. १७८१ मध्ये तो आपली अख्खी मंडळी घेऊन डोंगर ओलांडून केंटकीत गिल्बर्ट्स क्रीकला आला. अशा वेळी एका माणसाचा कागद नाही मिळाला तरी शेजाऱ्याचा मिळतो, आणि तो तुम्हाला मागच्या गावी नेऊन सोडतो.

आयझॅकचे वडील विल्यम मॅकॉय हेही बाप्टिस्ट उपदेशक, ओहायो नदीच्या दोन्ही काठांना त्यांचा वावर. केंटकीत घर आणि समोरच्या क्लार्क काउंटीत, सिल्व्हर क्रीकच्या भागात उपदेश. त्यामुळे केंटकी आणि इंडियाना, दोन्हीकडची दप्तरं पाहायची. त्याआधीचा काळ आणखी गुंत्याचा, कारण युनियनटाउनचा तो भाग १७८० च्या आसपासपर्यंत पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया दोघंही आपला म्हणत होते. जमिनीचे जुने कागद व्हर्जिनियाच्या काउंटीच्या नावानंही सापडतात.

अजून एक. आयझॅक पाळक होण्याआधी चरखे आणि चाकं करायचे, आणि व्हिन्सेन्सला काही काळ तुरुंगाधिकारीही होते. पाळकाचा कागद चर्चमध्येच असेल असं समजून लोक कोर्टाच्या आदेशवह्या उघडतच नाहीत. तुरुंगाधिकाऱ्याचा पगार, जामीन, साक्षी सगळं कोर्टात असतं.

पोळपाट
क्रिस्तियानाच्या आईची गोष्ट कोणी लिहिली नाही अजून? मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत मोठी वाटते.

१७८२ मध्ये केंटकीतल्या किंचेलो ठाण्यावर मूळ रहिवाशांचा हल्ला झाला. चार्ल्स पोल्कची बायको, त्या वेळी गरोदर, आणि तिची मुलं पकडली गेली. तिथून डेट्रॉइटपर्यंत चालत. डेट्रॉइट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं, बाळंतपण तिथेच झालं. पुढच्या वर्षी चार्ल्स तिकडे जाऊन बायकोमुलांना घेऊन आला. क्रिस्तियानाचा जन्म त्यानंतरचा. ज्या लोकांनी आईला कैद करून नेलं, त्यांच्याच मुलांसाठी शाळा चालवायला ही मुलगी नवऱ्याबरोबर जंगलात गेली. वंशवृक्षात तिच्या नावापुढे फक्त 'पत्नी' असतं.

रानवारा
बापरे. अंगावर काटा आला.

कडूलिंब
मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. शोध घ्या, जरूर घ्या. पण मॅकॉय हे मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याच्या धोरणाचे पुरस्कर्ते होते हे कोणीच का लिहीत नाही? त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन त्यासाठी खटपट केली, पश्चिमेच्या जमिनींची पाहणी आणि मोजणी केली. १८३० च्या स्थलांतराच्या कायद्यानं जे झालं त्यात त्यांचा वाटा आहे. नातवाच्या वहीत हे पान येणार का?

वॉबॅशकर
कडूलिंब, मुद्दा रास्त आहे. मात्र त्यांच्या डोक्यात काय होतं तेही पाहा. मिशिगन-इंडियानात त्यांनी रोज पाहिलं की व्यापारी दारू आणतात, वसाहतवाले जमीन बळकावतात आणि तिथले मूळ रहिवासी, पोटावाटोमी लोक, कर्जात बुडतात. गोऱ्यांपासून लांब, स्वतःची कायम जमीन आणि स्वतःचं राज्य मिळालं तरच हे लोक टिकतील असं त्यांचं मत झालं. त्या काळच्या जमीनलोभ्यांत आणि मॅकॉयमध्ये मी फरक करतो.

कडूलिंब
फरक हेतूचा, परिणाम तोच. १८३८ च्या सप्टेंबरमध्ये जॉन टिप्टननं इंडियानातल्या ट्विन लेक्सहून बंदुकीच्या धाकानं ८५९ पोटावाटोमींना बाहेर काढलं. कॅन्ससपर्यंतच्या वाटेवर ४० हून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक मुलं. त्याला 'मृत्यूची वाट' म्हणतात. आणि त्या तांड्याला कॅन्ससपर्यंत नेणारा सरकारी अधिकारी कोण? विल्यम पोल्क. क्रिस्तियानाचा सख्खा भाऊ.

पोळपाट
आणि तोच विल्यम लहानपणी आईबरोबर पकडून डेट्रॉइटला नेलेल्या मुलांपैकी एक. एका आयुष्यात दोन्ही वाटा चाललेला माणूस. त्यानं वाटेत आजाऱ्यांसाठी काही सोयी केल्या, फादर पेटी नावाच्या तरुण कॅथलिक पाद्रीला बरोबर येऊ दिलं. पेटी परतीच्या प्रवासात सेंट लुईला वारले. तरीही तांडा गेलाच, मुलं मेलीच.

आजीचा_कट्टा
कडूलिंब, तुमचा प्रतिसाद सुनेला दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली की हे पान येणार, ८५९ हा आकडाही येणार. वही पुढे नातवाच्या हातात जायची आहे. त्याच्यापासून काही लपवलेली वही मला द्यायची नाही.

मोडीवाचक
यावरून एक उपयोगाची गोष्ट. मॅकॉयची कागदपत्रं टोपीकाला कॅन्सस राज्य ऐतिहासिक संस्थेत आहेत. पत्रं, रोजनिश्या, हिशेब, मोठा संग्रह, मायक्रोफिल्मवरही मिळतो. तो फक्त मॅकॉय वंशजांच्या उपयोगाचा नाही. केरी मिशनच्या शाळेतल्या पोटावाटोमी मुलांची माहिती त्यात आहे, आणि आजच्या पोटावाटोमी कुटुंबांनाही आपले पूर्वज शोधताना असेच कागद लागतात. मिशिगनमध्ये टिकून राहिलेला पोकागन गट डावॅजिॲकला आहे, आणि सिटिझन पोटावाटोमी नेशन ओक्लाहोमात.

तिथे नावांचा एक गोंधळ लक्षात ठेवा. शाळेतल्या मुलांना मिशनच्या पुढाऱ्यांची आणि देणगीदारांची नावं द्यायची पद्धत होती. ल्यूथर राइस नावाचा एक पोटावाटोमी विद्यार्थीही होता. 'हार्मनी' जहाजावरचे राइस वेगळे, हा वेगळा. एखाद्या हिशेबात ल्यूथर राइसला बूट घेतल्याची नोंद दिसली तर घाईनं बाप्टिस्ट पुढाऱ्याच्या नावावर टाकू नका.

चहाबाज
अवांतर: वॉबॅशच्या त्याच भागातला डॅनियल पार्कर मॅकॉयचा विरोधक ना? कोमँची सरदार क्वाना पार्करवाले पार्कर?

वॉबॅशकर
हो, तोच. अवांतर नाही, उपयोगाचं आहे. पार्कर नदीपलीकडे इलिनॉयमध्ये लॅमॉट मंडळीचा पाळक होता. मिशनरी मंडळं, पगारी प्रचारक यांना बायबलचा आधार नाही असं त्याचं ठाम मत. १८२० मध्ये त्यानं मिशनविरोधी पत्रक छापलं आणि वॉबॅश जिल्ह्याच्या बाप्टिस्ट असोसिएशनमध्ये मारिया क्रीकशी वर्षानुवर्षं वाद घातला. या वादांची इतिवृत्तं छापायचे, म्हणून आपल्याला त्यांत मंडळ्यांची आणि प्रतिनिधींची नावं मिळतात. शांत मंडळीपेक्षा भांडणारी मंडळी इतिहासाला जास्त कागद देऊन जाते.

१८३३ मध्ये पार्करनं इलिनॉयमध्येच नवी मंडळी स्थापन केली आणि ती तयार मंडळी टेक्सासला नेली, कारण मेक्सिकोच्या कायद्यानं टेक्सासमध्ये प्रोटेस्टंट मंडळी स्थापन करता येत नव्हती. १९ मे १८३६ ला फोर्ट पार्करवर हल्ला झाला. त्यात डॅनियलचे वडील जॉन आणि भाऊ सायलस मारले गेले, सायलसची लहान मुलगी सिंथिया ॲन पळवली गेली. ती कोमँची या मूळ रहिवासी लोकांत वाढली, तिचा मुलगा क्वाना. मॅकॉयच्या सासूची आणि पार्करच्या पुतणीची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहा: एक परत आली, दुसरीला २४ वर्षांनी बळजबरीनं परत आणलं आणि तिचं मन इकडे कधी लागलंच नाही.

रानवारा
धागा इंडियानाहून टेक्सासला पोचला. आजी, सूनही टेक्सासचीच ना? मॅकॉय टेक्सासला कधी गेले?

वॉबॅशकर
रानवारा, चांगला प्रश्न काढलात. आयझॅकचं कुटुंब टेक्सासला स्थायिक झालं नव्हतं. १८३० नंतर ते मिसूरी-कॅन्सस सीमेवर, आणि १८४२ पासून लुईव्हिलला. मुलगा जॉन कॅल्विन मॅकॉय यानं वेस्टपोर्ट वसवलं आणि कॅन्सस सिटीच्या संस्थापकांत त्याचं नाव घेतात. मुलगी डिलायला हिचा नवरा जॉन्स्टन लायकिन्स हा मिशनरी-डॉक्टर, पुढे कॅन्सस सिटीचा महापौर. तेरा-चौदा मुलांपैकी बरीचशी आईवडिलांच्या देखतच गेली, त्यामुळे थेट वंश फार मोठा नाही.

आजी, तुमच्या सुनेच्या घरी 'आयझॅकचे वंशज' असंच म्हणतात का? शब्दशः काय म्हणतात ते विचारून सांगा. घरातल्या वाक्याचे शब्द महत्त्वाचे असतात.

आजीचा_कट्टा
विहीणबाईंना फोन लावला. त्यांच्या आजीचं वाक्य त्यांना जसंच्या तसं आठवतं: 'आपण मिशनरी मॅकॉयच्या घरचे, आणि जॉन कॅल्विन काकांनी शहर उभं करायला मदत केली.' आणखी एक सापडलं. त्यांच्याकडे एका जुन्या बायबलची मधली पानं आहेत. त्यांत विहीणबाईंच्या आजीच्या आजीचा जन्म १८३० च्या दशकातला, गाव 'क्लार्क काउंटी, इंडियाना'. माहेरचं नाव मॅकॉय. वडिलांचं नाव असलेला कोपरा फाटला आहे. ती बाई डॅलसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारली असं घरात सांगतात.

जॉन कॅल्विन म्हणजे वर सांगितलेला कॅन्सस सिटीवालाच ना? मग आयझॅकचीच नात म्हणायची का?

वॉबॅशकर
थांबा, थांबा. डॅलस म्हटल्याबरोबर उठून बसलो.

जॉन कॅल्विन मॅकॉय दोन होते, एकमेकांचे चुलतभाऊ. एक आयझॅकचा मुलगा, जन्म १८११, कॅन्सस सिटीचा. दुसरा आयझॅकच्या जॉन नावाच्या भावाचा मुलगा, जन्म १८१९, क्लार्क काउंटीचा, जो १८४० च्या दशकात डॅलसला गेला आणि तिथल्या अगदी पहिल्या वकिलांपैकी एक झाला. दोघंही 'शहर उभारणाऱ्यांत', म्हणून घोटाळा होणारच.

आता तुमच्या पुराव्याकडे पाहा. १८३० च्या दशकात आयझॅकचा संसार मिसूरी-कॅन्ससच्या सीमेवर होता, त्या घरात तेव्हा क्लार्क काउंटीत मूल जन्मायचं कारण दिसत नाही. त्यांचा भाऊ जॉन मात्र क्लार्क काउंटीतच होता. फ्रँकलिन कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक, मंडळीत डीकन (पाळकाला मदत करणारा कारभारी). त्याची मुलगी एलायझा मॅकॉय हीसुद्धा कॅन्ससमध्ये पोटावाटोमींमध्ये मिशनरी होती, आणि पुढे डॅलसला गेली. म्हणजे 'मिशनरी मॅकॉयच्या घरचे' हे वाक्य त्या शाखेलाही तितकंच लागू पडतं. शिवाय घरात शब्द 'काका' आहे, 'आजोबा' नाही.

मात्र क्लार्क काउंटीत मॅकॉय भावंडं अजूनही होती. आयझॅकचे जेम्स आणि रॉइस हे भाऊदेखील उपदेशक. तेव्हा जॉनच असं आत्ताच लिहू नका. शाखा कळली, फांदी अजून कळायची आहे.

पोळपाट
+१. आजी, टेक्सासनं राज्यभर मृत्यूच्या नोंदी १९०३ पासून ठेवल्या आहेत. त्या बाई त्यानंतर गेल्या असतील तर दाखल्यावर आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळ असण्याची शक्यता चांगली आहे. फाटलेल्या कोपऱ्याचं काम तो दाखला करेल. नावं सांगणारा नातू किंवा जावई असतो, त्यामुळे चुकतातही. म्हणून १८५० ची क्लार्क काउंटीची जनगणना सोबत पाहा, मुलगी तेव्हा घरातच असेल. नातं लिहिलेलं नसेल, पण त्याच छताखाली कोण कोण आहेत ते दिसेल. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

गोदाकाठ_नगर
त्या मंडळीच्या वहीतही पाहा. डॅलसच्या बाप्टिस्ट मंडळीत ती 'पत्रानं' आली असेल तर इंडियानातली मंडळी कोणती ते लिहिलेलं असेल. नॅशव्हिलला सदर्न बाप्टिस्टांचं आणि अटलांटाला अमेरिकन बाप्टिस्टांचं अभिलेखागार आहे, दोन्हीकडे जुन्या मंडळ्यांच्या वह्या आहेत. पत्र पाठवा, अशी माणसं मनापासून उत्तरं देतात.

कडूलिंब
डीएनए चाचणी?

वॉबॅशकर
इथे मर्यादित उपयोग. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडेच जातो आणि इथे मधे बायका आहेत. जॉन आणि आयझॅक सख्खे भाऊ, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत दोन्ही शाखांचे लोक जुळतील. इतक्या लांबच्या पिढीत कोणत्या भावाचे ते ठरणं अवघड. कागदच लागेल.

आजीचा_कट्टा
सून म्हणते आयझॅकचे नाही निघालो तर आईला वाईट वाटेल. मी म्हटलं, आयझॅक चुलत आजोबा झाले तरी विल्यम मॅकॉय आणि सिल्व्हर क्रीक आपलेच राहतात, आणि एलायझा तर नव्यानं मिळाली. विहीणबाईंना एलायझाबद्दल सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, ही बाई लग्न न करता एकटी कॅन्ससला गेली होती का? आता त्यांना आयझॅकपेक्षा तिच्यातच रस जास्त आहे.

मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज सुनेनं भरला. क्लार्क काउंटीची मृत्युपत्रं कुठे मागायची? चार्ल्सटाउन की जेफरसनव्हिल? दोन्ही नावं दिसतात.

वॉबॅशकर
जेफरसनव्हिल. चार्ल्सटाउन १८७८ पर्यंत काउंटीचं मुख्य ठिकाण होतं, म्हणून जुन्या कागदांवर ते नाव येतं. पत्रात वर्षांचा टप्पा, 'मॅकॉय' आणि 'मकोय' अशी दोन्ही वळणं, आणि जॉन, जेम्स, रॉइस तिघांची नावं द्या. मृत्युपत्राबरोबर वाटणीचे कागदही मागा. लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट त्यातच सापडतात.